क्षारपड रान आणि संजीवके
कृष्णाकाठी शिरोळ, मिरज, वाळवा तालुक्यांत अतिपाणी व निचऱ्याचा अभाव यांमुळे कसदार काळी रानेही क्षारपड झाली. मातीच्या पाण्यात क्षार वाढले, की ओल असूनही मुळांना ती शोषता येत नाही. शिवाय सोडियम आत शिरून पोटॅशियमची जागा बळकावतो.

येथे संजीवके काही अंशी साह्य करतात. सॅलिसिलिक आम्लाच्या सौम्य द्रावणात गव्हाचे बी भिजवून पेरल्यास रोपात प्रोलीन वाढते, पेशी पाणी धरून ठेवतात. प्रमाण मात्र अत्यल्प हवे, लिटरला सुमारे ७० मिलिग्रॅम. मात्रा फार वाढली तर उगवणच खुंटते. कृषी सेवा केंद्र चालविणाऱ्या बांधवांनी ध्यानी घ्यावे, की जिबरेलिक आम्ल १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली येते. विक्रीस परवाना लागतो.

बँकेच्या भाषेत ही व्याजातील सवलत; मुद्दल, म्हणजे क्षार, जमिनीतच राहते. त्यास भूमिगत सच्छिद्र नळ्यांचा निचरा हवा, चोपण जमिनीस जिप्समही. म्हणून उधारीवर बाटली देण्यापूर्वी गिऱ्हाइकाकडे माती परीक्षणाचा कागद मागावा. संपृक्त अर्काची विद्युतवाहकता ४ डेसिसायमन प्रतिमीटरपुढे गेली, की जमीन क्षारयुक्त समजतात. गहू ६ पर्यंत तग धरतो, हरभरा त्याआधीच मान टाकतो.