जवळचं माणूस गेल्यावर सायकल चालवल्यानं खरंच बरं वाटतं का?

तेरावा होतो. पाहुणे आपापल्या गावी परततात. फोन कमी होतात. घरात मात्र गेलेल्या माणसाची चप्पल, चष्मा, चहाचा कप जिथल्या तिथे असतो. अनेकांसाठी दुःखाची खरी सुरुवात इथूनच होते.

अशा वेळी कुणी ‘जरा सायकलवर चक्कर मारून ये’ म्हटलं, तर राग येऊ शकतो. पण या सल्ल्यात तथ्य आहे.

शरीरालाही दुःख होतं

शोकात झोप उडते, भूक मरते, अंग जड होतं, छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं. नियमित व्यायामानं झोप सुधारते आणि उदासपणा कमी व्हायला मदत होते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करायला सांगते. रोज २५ मिनिटं सायकल चालवली तरी १७५ मिनिटं होतात.

रडणं आणि जगणं, दोन्ही

दुःखाचे पाच टप्पे असतात, असं तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये ते मांडले, पण ते मरणासन्न रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांचं दुःख असं पायरी-पायरीनं जात नाही.

१९९९ मध्ये मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या संशोधकांनी वेगळी मांडणी केली. त्यांच्या मते माणूस दोन टोकांमध्ये ये-जा करतो. कधी आठवणीत बुडतो, कधी रोजच्या कामाला लागतो. ही ये-जाच सावरायला मदत करते.

सायकलवर नेमकं हेच घडतं. खड्डा, ब्रेक, मागून येणारा टेम्पो यांकडे लक्ष द्यावंच लागतं, तेवढा वेळ डोक्यातलं चक्र थांबतं. मग मोकळा रस्ता लागला की आठवण येते, डोळे भरतात. तिथे ‘रडू नकोस’ म्हणणारं कुणी नसतं. आणि दहा मिनिटं विसर पडला, म्हणजे प्रेम कमी झालं असं नाही.

सायकलच का?

चालणं, पोहणंही चांगलंच. पण सायकलवर सोबत असूनही बोलायची सक्ती नसते. शेजारी कुणीतरी पॅडल मारतंय, एवढंही पुरतं. शिवाय आपल्यापैकी अनेकांना सायकल शिकवली ती आई-बाबांनी, आजोबांनी किंवा दादानं, मागून कॅरिअर धरून धावत. हात कधी सोडला, ते आपल्याला कळलंच नव्हतं.

सायकलवरून सामूहिक शोकही व्यक्त होतो. अमेरिकेतल्या डॅलसमध्ये २००३ साली, रस्त्यावर मारल्या गेलेल्या सायकलस्वारांसाठी ‘राइड ऑफ सायलेन्स’ सुरू झाली. ताशी साधारण १९ किलोमीटरपेक्षा जास्त वेग न घेता, एक शब्दही न बोलता लोक एकत्र सायकल चालवतात. त्याच वर्षी सेंट लुईसमध्ये अपघाताच्या जागी पांढरी रंगवलेली सायकल ठेवली गेली. अशा ‘घोस्ट बाइक’ आज अनेक देशांत दिसतात.

सुरुवात कशी कराल?

- पहिल्या दिवशी गल्लीच्या टोकापर्यंत गेलात तरी चालेल. किलोमीटर मोजू नका.
- सकाळची, कमी गर्दीची वेळ निवडा. हेल्मेट घाला, इअरफोन नको.
- शोकात लक्ष विचलित होतं. त्यामुळे हायवे टाळा. रात्रभर झोप नसेल किंवा झोपेची गोळी घेतली असेल, तर त्या दिवशी सायकल नको.
- हृदयविकार किंवा चक्कर येण्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

फक्त सायकल पुरेशी आहे का?

नाही. सहा महिन्यांहून अधिक काळ दुःखाची तीव्रता तशीच राहिली आणि रोजची कामंही जमेनाशी झाली, तर तो ‘दीर्घकालीन शोक विकार’ असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत त्याची नोंद आहे. त्यावर समुपदेशन आणि उपचार उपलब्ध आहेत.

जगणं नकोसं वाटत असेल, तर सहा महिने थांबू नका. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ या मोफत हेल्पलाइनवर, १४४१६ या क्रमांकावर, २४ तास फोन करता येतो. मराठीतूनही बोलता येतं.