माळशेज हुकला, नागपूर साधलं

नागपूरच्या गांधीबागेत कापडाच्या गाठी उतरताना बघत मोठा झालो. मुंबईचा माल सह्याद्री चढून इथवर येतो कसा, याचं कुतूहल तेव्हापासूनचं. त्याचा माग काढता काढता जॉन चॅपमन भेटला.

हा इंग्लंडातल्या लफबरोचा, जाळीदार कापड विणायची यंत्रं बनवणारा माणूस. लंडनच्या हॅन्सम बग्गीतही त्यानं सुधारणा केल्या. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची कल्पना उचलून धरली ती यानं. 1845 मध्ये तो मुंबईला आला, तेव्हा त्याचं लक्ष वऱ्हाडच्या कापसावर होतं.

तो कापूस तेव्हा लमाणांच्या तांड्यांबरोबर बैलांच्या पाठीवरून जायचा. वाटेत गोण्यांत धूळ भरायची. वळवाच्या सरीत सापडलेली गोणी भिजून जड व्हायची, बैल थकायचे आणि बंदरावर पोचेस्तोवर मालाचा भाव पडलेला असायचा. आपला कापूस अमेरिकेच्या कापसापुढे मार खातो तो वाहतुकीपायी, हे चॅपमननं हिशेब मांडून सांगितलं. 1851 चं त्याचं पुस्तक याच विषयावर आहे.

घाट मात्र त्यानं माळशेजचा धरला. चढ एकदाच चढायचा आणि माथ्यावर रूळ फोडायचे, एक फाटा वऱ्हाडकडे, दुसरा दक्षिणेकडे. नकाशावर हे बिनतोड दिसतं. पण पावसाळ्यात धबधबे पाहायला माळशेजला गेलेल्या कुणालाही ठाऊक आहे की तिथला कडा जवळजवळ सरळ खाली कोसळतो. मुख्य अभियंता जेम्स बर्कलीनं नव्यानं पाहणी केली आणि एकाऐवजी दोन घाट निवडले, पुण्यासाठी बोर आणि नाशिक-वऱ्हाडसाठी थळ. माझ्या मते बर्कलीचा निर्णय योग्यच होता.

चॅपमनचं मात्र मेहनतान्यावरून संचालकांशी फाटलं. 16 एप्रिल 1853 ला मुंबई-ठाणे गाडी धावली तेव्हा तो कंपनीत नव्हता. पुढच्याच वर्षी तो वारला. बर्कलीही 1862 मध्ये गेला. दोन्ही घाट पुरे झालेले त्यालाही पाहता आले नाहीत.

थळ घाटातून गाडी सुरू झाली 1 जानेवारी 1865 ला. चढ 37 ला 1. आजही कसाऱ्याला गाडीला मागून बँकर इंजिनं लावतात. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेतलं यादवी युद्ध संपत आलं आणि त्या युद्धामुळे चढलेले कापसाचे भाव कोसळले. रूळ नागपूरला पोचले 1867 मध्ये. तेजी हुकली, पण वाट कायमची झाली. 1 जानेवारी 1877 ला जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल सुरू केली ती नागपुरातच, कारण कापूस दाराशी होता आणि रेल्वेही.

घाट निवडण्यात चॅपमन चुकला, पण कापसाची वाट त्यानं अचूक ओळखली होती. नागपूर स्थानकात त्याच्या नावाची एक पाटी लागायला हवी. रेल्वेनं हे मनावर घ्यावं, आणि गांधीबागेच्या व्यापाऱ्यांनी त्यासाठी पाठपुरावा करावा.