पत्त्यांचे आपोआप वाटप आणि सबनेटचा आकार

संगणक जाळ्यांचा विषय शिकवताना सबनेटचा आकार काढण्याचे गणित आपण फळ्यावर सोडवून देतो आणि पत्त्यांचे आपोआप वाटप हा निराळा धडा म्हणून घेतो. प्रत्यक्षात या दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. वाटपाची पद्धत बदलली की आकार ठरवण्याची रीतही बदलते. हे विद्यार्थ्याला उमगले नाही, तर तो गणित बरोबर करूनही न चालणारे जाळे उभारतो.

आवृत्ती ४ : मोजून वाटणे

आयपी आवृत्ती ४ चा पत्ता ३२ बिटांचा असतो. म्हणजे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. जागतिक साठ्यातील मोकळे गट फेब्रुवारी २०११ मध्ये संपले. म्हणूनच काटकसर ही या आवृत्तीची शिस्त ठरली.

स्थानिक जाळ्यात पत्ते वाटण्याचे काम १९९३ पासून डीएचसीपी हा नियमसंच करतो. यंत्राची हाक, सर्व्हरचा देकार, यंत्राची मागणी आणि सर्व्हरची पोच अशा त्याच्या चार पायऱ्या आहेत. पत्ता कायमचा नव्हे, मुदतीने मिळतो. सामान्यतः अर्धी मुदत सरली की यंत्र ती वाढवून मागते.

एक उदाहरण घेऊ. महाविद्यालयाच्या वायरलेस जाळ्याला /२४ सबनेट दिले आहे. २५६ पत्त्यांपैकी एक जाळ्याचा, एक प्रसारणाचा आणि एक राउटरचा वगळता २५३ उरतात. सकाळच्या सत्रात १५० आणि दुपारच्या सत्रात दुसरे १५० विद्यार्थी प्रत्येकी एक फोन घेऊन येतात. एका वेळी १५० च फोन असल्याने जागा पुरेशी वाटते. पण मुदत २४ तासांची असेल, तर सकाळचे पत्ते अडकून राहतात आणि दुपारच्या ४७ जणांना पत्ता मिळत नाही. उपाय दोन : मुदत तासाभराची करणे किंवा ५१० वापरण्याजोगे पत्ते देणारे /२३ सबनेट घेणे. तात्पर्य, एका वेळी किती यंत्रे असतात एवढेच न पाहता एका मुदतीच्या काळात किती येऊन जातात हेही मोजावे लागते.

आवृत्ती ६ : यंत्रच पत्ता घडवते

आवृत्ती ६ चा पत्ता १२८ बिटांचा असतो. येथे राउटर जाळ्याचा प्रिफिक्स, म्हणजे पत्त्याचा पुढचा भाग, जाहीर करतो आणि उरलेला भाग यंत्र स्वतः तयार करते. तोच पत्ता दुसऱ्या कोणाकडे नाही ना, हे विचारून मगच ते तो वापरू लागते. सर्व्हरला नोंद ठेवावी लागत नाही.

यंत्र घडवते तो भाग ६४ बिटांचा असतो. म्हणून प्रिफिक्सही ६४ बिटांचाच लागतो. दोहोंची बेरीज १२८ होत नसेल, तर यंत्राने ती घोषणा पत्ता घडवण्यासाठी वापरू नये, असा नियमच आहे. जुन्या सवयीचा विद्यार्थी मात्र म्हणतो, "यंत्रे २०० आहेत, /१२० पुरे." गणित चुकत नाही, पण यंत्रांना आपोआप पत्ता मिळत नाही. आवृत्ती ६ साठीचे डीएचसीपी लहान सबनेटातही पत्ते देऊ शकते; परंतु अँड्रॉइड फोनांनी अनेक वर्षे त्या मार्गाने पत्ता घेतला नाही. दोन राउटरांमधील जोडणीसाठी मात्र /१२७ वापरण्यास २०११ पासून मान्यता आहे.

एका /६४ मध्ये १८ वर १८ शून्ये इतके पत्ते मावतात. ही उधळपट्टी नव्हे. यंत्राला विचारणा न करता पत्ता निवडता यावा, याची ती किंमत आहे. साहजिकच आकाराचा प्रश्न यंत्रांवरून जाळ्यांवर येतो. संस्थेला /५६ मिळाले तर २५६ सबनेट करता येतात, /४८ मिळाले तर ६५,५३६. प्रयोगशाळा, ग्रंथालय, कार्यालय, वसतिगृह यांना वेगवेगळे सबनेट द्यायचे, तर किती लागतील, एवढेच मोजायचे.

वर्गात हे पटवून देण्यास एक छोटा प्रयोग पुरतो. राउटरवरून आधी /६४ आणि मग /१२० जाहीर करावा व दर वेळी यंत्र जाळ्यातून काढून पुन्हा जोडावे. पहिल्या वेळी यंत्र त्या प्रिफिक्सचा पत्ता घेते. दुसऱ्या वेळी त्याच्याकडे 'एफई८०' ने सुरू होणारा, त्या जोडणीपुरताच चालणारा पत्ता तेवढा राहतो. हा फरक स्वतः पाहिलेला विद्यार्थी आकाराचे गणित मांडण्यापूर्वी पत्ता कोण देणार, हे आधी विचारील.