दर्यावर्दींच्या गोष्टी मुलांना सांगा

लहान मूल किनाऱ्यावर उभे राहिले की एक प्रश्न हमखास विचारते. "बाबा, दर्याच्या पलीकडे काय आसा?" आपण कामाच्या घाईत असतो. जाळे सुकवायचे असते, बाजार गाठायचा असतो. "पाणीच पाणी, दुसरे काय!" असे म्हणून आपण त्याला गप्प करतो.

पण हाच प्रश्न मनात घेऊन माणसे जगभर फिरली. तेव्हा मुलाला गप्प करू नका. त्याला खलाशांच्या, दूरचे देश शोधणाऱ्यांच्या गोष्टी सांगा. "आम्ही काय सांगणार? ते मास्तरांचे काम," असे पुष्कळ जण म्हणतात. मी पुष्कळ वर्षे शाळेत भूगोल शिकवला आहे. म्हणून सांगतो, या विषयातले निम्मे ज्ञान तुमच्या घरातच आहे.

करवंटीची होडी

सुरुवात खेळाने करा. नारळाची करवंटी घ्या. तिच्यात चिकणमाती बसवून एक काडी उभी रोवा. ही झाली डोलकाठी. काडीत आंब्याचे पान ओवा. हे झाले शीड. परातीत पाणी घालून होडी सोडा. मुलाला मागून फुंकर घालू द्या. होडी पुढे जाते. समोरून फुंकर घातली, की ती मागे येते. वारा हा खलाशाचा मित्र कधी आणि वैरी कधी, हे मुलाला तिथेच कळते.

मग काथ्याचा तुकडा त्याच्या हाती द्या. पूर्वी आपल्या समुद्रावर जहाजांच्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवत असत, हे सांगा. मुलाला नवल वाटेल. अजिंठ्याच्या लेण्यात एका जुन्या जहाजाचे चित्र आहे. त्यावरून गोव्यात असे शिवलेले जहाज नव्याने बांधले गेले आणि २०२५ साली ते आपल्या नौदलात दाखल झाले. त्याचे नाव 'कौंडिण्य'.

आधी काय दिसते?

एखाद्या स्वच्छ दिवशी मुलाला किनाऱ्यावर न्या. दूर जाणारे जहाज दाखवा. आधी जहाजाचा खालचा भाग दिसेनासा होतो आणि डोलकाठीचे टोक शेवटी नाहीसे होते. येणाऱ्या जहाजाचे टोक आधी दिसते. असे का? पृथ्वी गोल आहे म्हणून. घरी कलिंगडावर मुंगी चालवून दाखवा. पलीकडे उतरली की ती दिसत नाही.

इथे मॅगेलनची गोष्ट सांगावी. १५१९ साली तो स्पेन देशातून पाच जहाजे आणि सुमारे अडीचशे माणसे घेऊन निघाला. वाटेत फिलिपाइन्स बेटांवरच्या लढाईत तो मारला गेला. १५२२ साली एकच जहाज पृथ्वीला वळसा घालून परत आले. निघालेल्यांपैकी अवघे १८ जण त्यावर होते. मुलाला हेही सांगा. नुसता पराक्रम सांगितला, तर ती अर्धीच गोष्ट झाली.

वाऱ्याची वेळ

शाळेत मुले शिकतात, की वास्को द गामाने १४९८ साली हिंदुस्थानचा जलमार्ग शोधला. पण आपल्या, अरबांच्या आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यांवरची गलबते त्याच्या कितीतरी आधीपासून या समुद्रावर ये-जा करीत होती. आफ्रिकेत मालिंदी नावाचे बंदर आहे. तिथल्या राजाने गामाला एक जाणता वाटाड्या दिला. एप्रिलच्या अखेरीस ते निघाले. नैऋत्येचा वारा नुकताच सुरू होत होता. सुमारे २३ दिवसांत त्यांना आपली भूमी दिसली.

परत जाताना काय झाले, ते ऐका. कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून गामा ऑक्टोबरच्या आरंभी निघाला. ईशान्येचा वारा अजून लागला नव्हता. समुद्र कधी अगदी निपचित, तर वारा कधी उलटा. २३ दिवसांच्या वाटेला तीन महिने लागले. तीसच्या आसपास माणसे वाटेतच मेली. जे उरले, त्यांतल्या बहुतेकांना धड उभे राहवत नव्हते.

वाऱ्याची वेळ चुकली, म्हणून एवढा अनर्थ झाला. ही वेळ आपला तांडेल ओळखतो. मतलई वारा कधी सुटतो, खारा वारा कधी येतो, उधाण केव्हा, खडक कुठे, हे तो बापाकडून शिकलेला असतो. आता होडीला यंत्र आले, तरी ही जाण लागतेच. शाळेत जाणाऱ्या पोराला कधी कधी बापाच्या धंद्याची लाज वाटू लागते. त्याला गामाची ही गोष्ट जरूर सांगा. त्या वाटाड्यावाचून मोठा कप्तानही अडला असता, हे त्याला समजू द्या.

लिंबाची गोष्ट

ती माणसे मेली कशाने? कित्येक महिने ताजे अन्न नाही. कडक बिस्किटे, खारवलेले मांस आणि पिंपातले कुबट पाणी. हिरड्या सुजत, रक्त येई, अंगातले बळ जाई. या रोगाला स्कर्व्ही म्हणतात. १७४७ साली जेम्स लिंड नावाच्या इंग्रज आरमाराच्या डॉक्टराने १२ आजारी खलाशांवर निरनिराळे उपाय करून पाहिले. ज्या दोघांना संत्री आणि लिंबे दिली, ते सर्वांत लवकर बरे झाले. ही गोष्ट जेवताना सांगा. मूल लिंबाची फोड बाजूला सारणार नाही.

मुलींनाही सांगा

या गोष्टी फक्त मुलग्यांसाठी नाहीत. १० सप्टेंबर २०१७ रोजी नौदलातील सहा स्त्रिया गोव्याहून 'तारिणी' या शिडाच्या नौकेतून निघाल्या. वर्तिका जोशी त्यांच्या प्रमुख होत्या. पृथ्वीप्रदक्षिणा करून २१ मे २०१८ रोजी त्या परत आल्या. जेमतेम ५५ फूट लांबीची ही नौका गोव्यातल्याच दिवाडी बेटावर बांधलेली होती.

एक सूचना मात्र विसरू नका. गोष्टी ऐकून मुलांना हुरूप येतो. मोठे माणूस बरोबर असल्याशिवाय पाण्यात उतरायचे नाही, हे त्यांना बजावून सांगा. कसलेला खलाशीही दर्याला भिऊन असतो.

आता तुम्हांला वाचता येते. आज रात्री जेवणे झाली, की यातली एक गोष्ट मुलांना मोठ्याने वाचून दाखवा. शाळेतल्या नकाशात मालवण कुठे, मालिंदी कुठे, हे त्यांना उद्या शोधायला सांगा. आणि घरात आजोबा असतील, तर त्यांच्या वेळच्या दर्याची एक गोष्ट त्यांनाही सांगू द्या.