कपाटातला डिजिटल कॅमेरा आणि आपल्या माणसांचे चेहरे

तुळिंजच्या चाळींत आणि बिल्डिंगांत कितीतरी घरांमध्ये लोखंडी कपाटाच्या लॉकरात, रेशनकार्ड आणि विम्याच्या पावत्यांच्या खाली, अजूनही एक लहानशी काळी पिशवी पडलेली असते. आत चंदेरी रंगाचा कॅमेरा, एक वायर आणि गंज चढलेले दोन पेन्सिल सेल. मोबाईल आला आणि या कॅमेऱ्याला कोणी विचारीनासे झाले. आता कॉलेजात जाणारी मुले तोच कॅमेरा पुन्हा बाहेर काढू लागली आहेत. त्याच्या फोटोला वेगळीच मजा आहे, असे त्यांचे म्हणणे. या निमित्ताने आम्ही शेजारपाजारी चौकशी केली, की ज्यांनी हा कॅमेरा पहिल्यांदा घेतला त्यांचे त्याच्याविषयी मत काय होते आणि आज काय आहे.

हे मत समजून घ्यायचे तर त्याआधीचे दिवस आठवावे लागतात. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीत फोटो ही स्टुडिओत जाऊन काढायची वस्तू होती. ज्यांच्या घरी आग्फा क्लिक किंवा पुढे हॉटशॉट होता, ते वस्तीतले सधनच म्हणायचे. हॉटशॉटचा रोल ३६ फोटोंचा. जयंतीला घातलेला रोल वर्षावास संपला तरी संपत नसे, कारण प्रत्येक खटक्याला पैसे. रोल विकत घ्या, धुवायला टाका, प्रिंट काढा, आणि मग कळणार की निम्म्या फोटोंत डोळे मिटलेले आहेत. धुलाईचे पैसे पगार झाला की त्याच आठवड्यात निघत, नाहीतर रोल कपाटातच.

याचा परिणाम असा, की आपल्यातल्या पुष्कळ घरांत आजीचा एकही फोटो नाही. १९९३ पासून त्या वेळचे मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांच्या आग्रहाने फोटोची मतदार ओळखपत्रे निघू लागली. कित्येक म्हाताऱ्या बायांचा जन्मातला पहिला फोटो तो. रांगेत उभे राहून काढलेला, घाबरलेला, पदर घट्ट धरलेला. आजी गेल्यावर तोच टिचभर फोटो स्टुडिओत मोठा करून घ्यायचा आणि भिंतीवर लावायचा. तुळिंजमध्ये अशा तसबिरी आजही दिसतात. चेहऱ्यापेक्षा त्यात ठिपकेच जास्त.

अशा घरात फुकट फोटो काढणारा कॅमेरा आला, म्हणजे काय झाले असेल?

डिजिटल कॅमेऱ्याचा जन्म तसा जुना आहे. अमेरिकेतील कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने १९७५ साली पहिला नमुना बनवला. वजन साडेतीन किलोच्या वर, चित्र काळेपांढरे, १०० गुणिले १०० म्हणजे अवघ्या दहा हजार ठिपक्यांचे. एक फोटो कॅसेटच्या टेपवर उतरायला २३ सेकंद लागत. सामान्य गिऱ्हाइकापर्यंत ही वस्तू पोचायला वीस वर्षे गेली. १९९५ मध्ये कॅसिओचा क्यूव्ही-१० आला. मागच्या बाजूला छोटा पडदा असलेला आणि घरगुती गिऱ्हाइकाला परवडू शकणारा हा सुरुवातीचा कॅमेरा. १९९७ मध्ये सोनीचा डिजिटल माविका आला. त्यात चक्क कॉम्प्युटरची फ्लॉपी घालायची. १.४४ एमबीच्या एका फ्लॉपीवर चांगल्या प्रतीचे पंधरा-वीस फोटो मावत. वायर नको, काही नको. फ्लॉपी काढा आणि कॉम्प्युटरमध्ये घाला. म्हणून तो ऑफिसांत आवडीचा झाला.

तुळिंजच्या घरांत मात्र तो पहिला कॅमेरा नव्हे. आमच्याकडे ही वस्तू २००० नंतर आली, तीही वेगवेगळ्या वाटांनी. कोणाचा मेहुणा आखातात होता, कोणी फोर्टमधल्या बोरा बाजारातून घेतला, कोणी मनीष मार्केटमधून बिल न घेता आणला. कोडॅकचा इझीशेअर, निकॉनचा कूलपिक्स, कॅननचा पॉवरशॉट, सोनीचा सायबरशॉट ही नावे तेव्हा वस्तीतल्या पोरांना तोंडपाठ होती. कॅमेरा एकाच्या घरी, पण लग्न कोणाचेही असो, कॅमेरावाल्याला पहिले आमंत्रण. चाळीत तो सार्वजनिक झाला.

सर्वांचे एकमत झाले ते सेलबद्दल. हा कॅमेरा सेल खातो, असे सगळ्यांनीच सांगितले. कोपऱ्यावरच्या दुकानातून स्वस्तातले दोन पेन्सिल सेल आणावेत, चार फोटो काढावेत आणि पडदा काळा व्हावा. दुकानदाराशी भांडणे होत, कारण तोच सेल भिंतीवरच्या घड्याळात घातला की महिनोन्महिने चाले. दुकानदार खोटा नव्हता. घड्याळाला अगदी थोडी वीज लागते, ती मरतुकडा सेलही देतो. पडदा आणि फ्लॅश यांना एकदम पुष्कळ लागते, ती साध्या सेलाला झेपत नाही. चार्ज करायचे सेल घेतले की हा प्रश्न सुटायचा. पण वसई-विरार पट्ट्यात तेव्हा लोडशेडिंग. मुंबईत राहणाऱ्या नातेवाइकांना हे दुःख कळत नसे. लग्नाच्या आदल्या रात्री वीज गेली, की चार्जर घेऊन ओळखीच्या इन्व्हर्टरवाल्याचे घर शोधायचे.

दुसरी तक्रार बायकांची, आणि ती जास्त खोल आहे. रोलच्या काळात फोटो वाईट आला तरी तो हातात येत असे, अल्बममध्ये राहत असे. डिजिटलमध्ये फोटो काढला, पडद्यावर सर्वांनी पाहिला, हसले, आणि संपले. प्रिंट कोणी काढलीच नाही. शिवाय कॅमेऱ्याबरोबर मिळणारे कार्ड इवलेसे. १६ एमबीच्या कार्डावर दोन मेगापिक्सेलचे पंधरा-वीसच फोटो राहत. मग पुढच्या कार्यक्रमाला जागा करण्यासाठी मागचे पुसायचे. पुसणारा हात बहुधा घरातल्या मुलाचा किंवा दिराचा. एका ताईंच्या आईचे शेवटचे फोटो असेच एका बारशासाठी पुसले गेले. त्यांनी सांगितले तेव्हा त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण कॅमेऱ्याविषयी एकही चांगला शब्द त्या बोलल्या नाहीत.

पुरुषमंडळींचे मत याच्या अगदी उलट. लगेच दिसते, पुन्हा काढता येतो, पैसे लागत नाहीत. याहून काय हवे? दोन्ही बाजू खऱ्या आहेत. फरक एवढाच, की एकाला फोटो काढण्याचा आनंद हवा होता आणि दुसरीला फोटो ठेवण्याचा.

प्रिंट काढली तर ती कशी येई, यावरही वाद होते. एकजण म्हणतो काचेसारखी स्वच्छ, दुसरा म्हणतो चौकोन चौकोन दिसतात. याचे उत्तर साध्या गणितात आहे. चांगल्या प्रिंटला इंचाला ३०० ठिपके धरतात. अल्बमच्या चार बाय सहा इंची फोटोला १२०० गुणिले १८००, म्हणजे साधारण २१ लाख ६० हजार ठिपके झाले. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा त्याला जवळजवळ पुरतो. पण पहिल्या पिढीचे ६४० गुणिले ४८० चे कॅमेरे फक्त तीन लाखांच्या आसपास ठिपके देत. त्यात वऱ्हाडाचा ग्रुप फोटो काढला आणि रांगेत दहा माणसे उभी राहिली, तर एकेकाच्या वाट्याला ६४ ठिपक्यांची रुंदी येते, चेहऱ्याला त्यातले वीसेक. वीस ठिपक्यांत मामा कोण आणि काका कोण हे ओळखायचे कसे? एकट्यादुकट्या माणसाचा जवळून काढलेला फोटो मात्र त्याच कॅमेऱ्यात बरा येई.

आता ज्या मतामुळे आम्हाला हा लेख लिहावासा वाटला, त्याकडे येतो. बऱ्याच जणींनी सांगितले, की कॅमेऱ्यात आम्ही काळ्या येतो. आहोत त्याहून काळ्या. नाक-डोळे दिसत नाहीत, नुसते दात आणि साडी दिसते.

हा मनाचा खेळ नाही. कॅमेऱ्याच्या आतील प्रकाशमापक समोरचे सगळे दृश्य सरासरी मध्यम राखाडी आहे असे धरून चालतो. वैशाख पौर्णिमेला आपली मंडळी पांढरीशुभ्र वस्त्रे नेसून सोपाऱ्याच्या स्तूपावर जातात. भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये उत्खनन केलेला हा स्तूप, तुळिंजच्या लोकांना रेल्वे ओलांडली की पलीकडे. दुपारचे ऊन, चहूकडे पांढऱ्या साड्या. कॅमेऱ्याला वाटते उजेड फार झाला, म्हणून तो प्रकाश कमी करतो. साडी सुरेख येते आणि सावळा चेहरा अंधारात जातो. उन्हात पडदाही दिसत नसल्यामुळे घरी येईपर्यंत कळत नाही. कॅमेऱ्यात यावर इलाज होता. अधिक-उणे चिन्हाचे एक बटण असते. ते अधिकवर एक पायरी नेले, किंवा उन्हातही फ्लॅश चालू ठेवला, की चेहरा उजळतो. पण माहितीपुस्तिका इंग्रजीत, आणि मनीष मार्केटच्या मालाबरोबर तीही मिळत नसे.

रोलच्या काळातही हेच दुखणे होते, आणि त्यामागे जगाची एक गोष्ट आहे. १९५० च्या दशकापासून कोडॅक कंपनी फोटो धुणाऱ्या लॅबना रंग जुळवण्यासाठी एक नमुना कार्ड पाठवी. त्यावर गोऱ्या बाईचा फोटो असे. शर्ली नावाच्या कर्मचारी स्त्रीवरून त्याला शर्ली कार्ड म्हणत. तिची त्वचा नीट आली म्हणजे मशीन बरोबर, असा हिशेब. बाकीच्या जगाने त्यात बसायचे. कॅनडातील संशोधक लॉर्ना रॉथ यांनी यावर अभ्यास केला आहे. कृष्णवर्णीय मुलांचे चेहरे शाळेच्या फोटोत नीट येत नव्हते. पण कंपनीने फिल्ममध्ये गडद रंगछटा सुधारायला घेतल्या, त्याला चॉकलेट बनवणाऱ्यांच्या आणि लाकडी फर्निचर विकणाऱ्यांच्या तक्रारी कारण झाल्या, असे त्यांनी नोंदवले आहे. आईने केलेल्या तक्रारीपेक्षा चॉकलेटची तक्रार वजनदार ठरली! वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया असलेली कार्डे १९९० च्या दशकात निघाली.

डिजिटल आल्यावर स्टुडिओवाल्यांच्या हाती आणखी एक हत्यार आले. कॉम्प्युटरवर फोटो गोरा करून मिळू लागला. गिऱ्हाईक न विचारताच करून देत. एका घरी आजीचा फोटो असाच मोठा करून आणला, तर कपाळावरचे आणि हातावरचे गोंदण साफ पुसलेले, रंग दुधासारखा. नातवाने तो परत नेला आणि आमची आजी आहे तशी द्या म्हणून हट्ट धरला. आम्हाला तो नातू फार आवडला.

कॅमेरे बिघडण्याचीही एक हकीकत सांगण्यासारखी आहे. त्या वर्षांतल्या काही कॅमेऱ्यांचा पडदा अचानक जांभळा होई, चित्र वेडेवाकडे येई किंवा काहीच दिसत नसे. घरात शिक्षा कोणाला? पोरांना. तूच पाडला असशील, पाणी लावले असशील. आणि २००५ च्या ऑक्टोबरमध्ये सोनी कंपनीने स्वतःच जाहीर केले, की तिने बनवलेले काही सीसीडी, म्हणजे प्रकाश टिपणारे चिप, उष्ण आणि दमट हवेत बिघडू शकतात. आतील बारीक जोड सुटतात, ओल शिरते. हेच चिप कॅनन, निकॉन, फुजी अशा इतर कंपन्यांच्या कॅमेऱ्यांतही होते, आणि कंपन्यांनी ते फुकट दुरुस्त करून देण्याची व्यवस्था केली. वसईच्या खाडीकाठची आपली हवा उष्ण आणि दमट यापेक्षा वेगळी कुठली? पण ही सूचना आपल्या वस्तीपर्यंत कोण आणणार! ज्यांच्याकडे बिल नव्हते त्यांना ती कळूनही उपयोग नव्हता. त्या काळात मार खाल्लेली पोरे आता बाप झाली आहेत, त्यांच्यासाठी ही माहिती उशिरा का होईना.

पुढे मोबाईलने सगळेच गिळले. २०१० साली जगात १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते. त्यानंतर उतार लागला. ज्या कोडॅकमध्ये या कॅमेऱ्याचा जन्म झाला, ती कंपनीच जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत आली.

कपाटातल्या पिशवीत मात्र तुमच्या माणसांचे चेहरे अजून असू शकतात, म्हणून काही कामाच्या गोष्टी. आधी गंजलेले सेल काढून टाका. आतील पत्र्यावरची पांढरी भुकटी कापसावर थोडे व्हिनेगर घेऊन हलक्या हाताने पुसा आणि नीट वाळू द्या. कार्ड एसडी असेल तर रीडर कुठेही मिळतो. सोनीची मेमरी स्टिक, ऑलिम्पस-फुजीचे एक्सडी किंवा त्याआधीचे स्मार्टमीडिया असेल, तर बहुविध खाच्यांचा जुना रीडर लॅमिंग्टन रोडला शोधावा लागेल. नाहीतर कॅमेऱ्याची मूळ वायर जपून ठेवा, ती थेट कॉम्प्युटरला चालते. कार्डावरील फोटो पुसले गेले असतील तरी आशा सोडू नका. पुसताना बहुधा फोटो जात नाही, यादीतले त्याचे नाव जाते. त्या जागेवर नवा फोटो बसला की मगच तो जातो. म्हणून अशा कार्डावर एकही नवा फोटो काढू नका आणि जाणकाराकडून परत मिळवण्याचा प्रयत्न करा. मुले जुन्या कॅमेऱ्याशी खेळायला मागतात तेव्हा त्यांना दुसरे कार्ड घालून द्या. सीडीवर उतरवून ठेवले असेल तर विशेष घाई करा. घरी लिहिलेल्या सीडीतला रंगाचा थर उष्णतेने आणि उजेडाने फिका होतो, आणि नालासोपाऱ्यात २०१८ च्या जुलैत तळमजल्यांत पाणी शिरले तेव्हा अल्बम आणि सीडी दोन्ही वाहून गेल्याची घरे आहेत.

फोटोवरच्या तारखेवर विश्वास ठेवू नका. सेल बराच वेळ बाहेर राहिले, की पुष्कळ कॅमेऱ्यांचे घड्याळ मागे जाऊन सुरुवातीच्या तारखेवर बसते. त्या हिशेबाने निम्म्या तुळिंजचे मंगल परिणय एक जानेवारीलाच झाले. फोटोत कोण, कुठले, कोणत्या कार्यक्रमाचे, हे घरातील वडीलधाऱ्यांना आजच विचारा. तुळिंजमधील एका घरी गेल्या पावसाळ्यात मुलीने अशा चाळीसेक फोटोंच्या प्रिंट काढून आणल्या आणि आत्याला मध्ये बसवून एकेकाचे नाव लिहून घेतले. आत्याने छत्तीस माणसे ओळखली, गावासकट. राहिलेल्या चार फोटोंसाठी आता महाडला मोठ्या मावशीकडे जायचे ठरले आहे.