किरणोपचार, हाफ्नियम आणि विमा

न्यू जर्सीतल्या माझ्या मावशीचे घशाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन सुरू झाले आणि तिसऱ्या आठवड्यात तोंड असे आले, की पेजही गिळवेना. किरण वाटेतल्या निरोगी पेशींनाही सोडत नाहीत, म्हणूनच डोस हवा तेवढा वाढवता येत नाही. मी डॉक्टर नव्हे, सॉफ्टवेअरवाला. पण यावरची एक युक्ती मला फार पटली.

हाफ्नियम या जड धातूच्या ऑक्साइडचे सुमारे ५० नॅनोमीटरचे कण (केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही बारीक) सुईने थेट गाठीत सोडतात. जड अणू क्ष-किरण जास्त शोषतात आणि इलेक्ट्रॉन बाहेर फेकतात. ते लांब जात नाहीत, त्यामुळे जादा मार गाठीतच बसतो. बाहेरचा डोस तोच.

सार्कोमाच्या १८० रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१९ साली आले. गाठ जवळजवळ पूर्ण नष्ट होण्याचे प्रमाण ८ वरून १६ टक्क्यांवर गेले. किरणांचा त्रास मात्र साधारण तेवढाच राहिला! तेव्हा 'दुष्परिणाम संपले' अशा बातम्यांवर भाळू नये. त्याच वर्षी युरोपने सार्कोमासाठी परवानगी दिली. डोके-मानेच्या कॅन्सरच्या वयस्क रुग्णांवरील मोठी चाचणी २०२२ मध्ये सुरू झाली.

आता पैशाचे. अमेरिकेत २०१४ पासून बहुतेक विमा योजनांना मान्यताप्राप्त चाचणीतल्या रुग्णाचा नेहमीचा उपचारखर्च नाकारता येत नाही. भारतातून भेटीला आलेल्या आईवडिलांच्या प्रवासी विम्याला हे लागू नाही. सही करण्यापूर्वी कोणता खर्च कोणाचा, हे लेखी मागून घ्यावे.