तोतरेपणाची लाज कशाला?

चाकणच्या बाजारात कांद्याचा लिलाव कसा चालतो, हे खेड तालुक्यातल्या शेतकऱ्याला सांगायला नको. बोली चढते आणि बघता बघता संपते. तेवढ्यात 'नाही परवडत' हे दोन शब्द तोंडातून निघाले नाहीत, तर माल पडत्या भावात जातो.

माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याचे असेच होई. कांदा पिकवण्यात गावात त्यांचा हात धरणारा कोणी नाही; पण 'न' अडला की अडला. शेवटी ते धाकट्या भावालाच बाजारात धाडू लागले. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत मुलाखतीला जाणाऱ्या काही पोरांचीही हीच गत. काम येते, पण स्वतःचे नाव सांगताना जीभ अडते.

त्यांचे दुःख मला कळते, कारण मीही तोतरा आहे. 'बीजप्रक्रिया' हा शब्द चुकवण्यासाठी मी वर्षानुवर्षे सभेत 'पेरणीआधी औषध चोळा' म्हणत आलो. लोकांना वाटे, साहेब किती सोपे बोलतात!

शंभर मोठ्या माणसांत साधारण एकजण तोतरा असतो, त्यातही पुरुष जास्त. बुद्धीचा यात काही दोष नाही. पुष्कळदा ते घराण्यातून येते. दोन ते पाच वर्षांच्या वयात मूल अडखळू लागते आणि बहुतेकांचे आपोआप सुटते. जिभेला वेखंड चोळून किंवा 'नीट बोल' म्हणून दटावून ते जात नाही. उलट मूल धास्तावते. त्याचे वाक्य त्यालाच पुरे करू द्यावे. काही महिने फरक दिसला नाही, तर वाचा-उपचार तज्ज्ञाला दाखवावे. मुंबईला वांद्र्यात 1983 साली सुरू झालेली अली यावर जंग संस्था यासाठीच आहे.

हेच शेतकरी देवळात सर्वांबरोबर हरिपाठ म्हणतात, तेव्हा एक अक्षर अडत नाही. सुरात सूर मिळाला की तोतरेपणा गळतो, हे जगभर दिसून आले आहे. इंग्लंडचा राजा सहावा जॉर्जही तोतरा होता. 1926 पासून त्याने एका वाचा-शिक्षकाकडे धडे घेतले.

मला स्वतःला अधिक उपयोग झाला तो आधीच सांगून टाकण्याचा. हल्ली सभेत पहिले वाक्य तेच: "मी अडखळतो, जरा दम धरा." लपवण्याची धडपड थांबली, की अडखळणेही सैल पडते.

गेल्या हंगामात ते शेतकरी स्वतः लिलावाला उभे राहिले. "थांबा, मला वे-वेळ लागतो," म्हणाले. लोक थांबले. भाव काही वाढला नाही. मग त्यांनी स्वतःच्याच तोंडाने 'न-नाही' म्हटले आणि पिशव्या परत टेम्पोत भरल्या.